कडेबाहेरची अक्का

निळ्या तोंडाची केबल मॉनिटरच्या पाठीत बसवून कुमुदने तिचे दोन्ही स्क्रू हाताने पिळले, आणि घर दोन्ही बाजूंनी कमी झालं. डावीकडून फ्रिजसकट स्वयंपाकघर गेलं. उजवीकडून गॅलरीचं दार, खिडकी आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसलेली अक्का गेली.

कसली पडझड झाली नाही. धूळसुद्धा उडाली नाही. जिथे अक्काच्या खुर्चीचा हात असायचा, त्याच्या अलीकडेच हॉल संपत होता, इतकंच.

कुमुद उठून त्या कडेपर्यंत गेली आणि तिने हात पुढे केला. भिंत लागली नाही. पण हात तिथून पुढे जात नव्हता, फोटोतल्या माणसाचा हात फोटोबाहेर येत नाही तसा.

"अक्का?"

"काय गं?" अक्काचा आवाज मॉनिटरशेजारच्या छोट्या स्पीकरमधून आला.

"कुठे आहेस?"

"खुर्चीत. हे गुडघे घेऊन मी कुठं जातेय? चित्र आलं का?"

कुमुदने मागे वळून पाहिलं. "आलं," ती म्हणाली.

चित्र खरोखरच छान आलं होतं. मिरजेच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात दोघी बहिणीच राहत होत्या. अक्का थोरली, नवरा गेल्यावर धाकटीकडे आलेली. धाकटी कुमुद, लग्न न केलेली, कनिष्ठ महाविद्यालयात आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेली. व्होल्टेज अचानक वाढून टीव्ही जळाला, तेव्हा दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला आणि तसाच परत मिटला. नवा घ्यावा असं अक्काचं म्हणणं होतं. पण माळ्यावर भावाच्या मुलाच्या कॉलेजच्या काळातला पोट सुटलेला मॉनिटर होता. अक्कानेच शिवलेल्या, जास्वंदीचं फूल काढलेल्या कव्हराखाली तो इतकी वर्षं झोपून होता आणि बटण दाबल्यावर लगेच जागा झाला होता. चालती वस्तू टाकायची नाही, हे या घरात कुणी कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

केबलवाल्यांनी दिलेला एचडी बॉक्स नवा होता. नव्या बॉक्सची तार जुन्या मॉनिटरला बसत नव्हती, म्हणून मध्ये काडेपेटीएवढी एक डबी लावायची होती. कुमुदने सकाळीच अक्काला, अकरावीच्या वर्गाला सांगावं तसं, समजावून सांगितलं होतं. बॉक्समधून चित्र आणि आवाज एकाच तारेतून येतात. ही डबी त्यांना वेगळं करते. चित्र निळ्या केबलमधून मॉनिटरकडे जातं, आवाज बारीक काळ्या वायरने स्पीकरकडे. तिथून पुढे दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

"बऱ्याच घरांत असंच असतं," अक्का म्हणाली होती.

अडचण एकच होती. बॉक्सचं चित्र रुंद आणि मॉनिटर जवळजवळ चौकोनी. सकाळी कुमुदने केबल नुसती खोचून पाहिली होती. स्क्रू पिळले नव्हते, त्यामुळे घराला काही झालं नव्हतं. बॉक्सच्या यादीत चित्राचे तीन आकार होते. 'मूळ' घेतलं की चित्र अख्खं दिसायचं, पण वर आणि खाली काळ्या पट्ट्या यायच्या.

"काढ त्या," अक्का म्हणाली. "टीव्हीला सुतक आल्यासारखं वाटतं."

'पूर्ण' घेतलं की पट्ट्या जायच्या, पण रुंद चित्र दाबून चौकोनात बसवल्यामुळे माणसं उभट व्हायची. अक्काला ते चाललं असतं. "सूनबाई उंच दिसत्येय, बरं दिसतंय की," ती म्हणाली. कुमुदला चालणार नव्हतं. तिने स्वयंपाकघरातून वाटी आणली आणि पडद्यावरच्या भिंतीतल्या घड्याळावर पालथी धरली. घड्याळ वाटीच्या वर आणि खाली डोकावत होतं.

"वर्तुळ वर्तुळच दिसलं पाहिजे," कुमुद म्हणाली.

"त्या घड्याळात कोण वेळ बघतंय?"

"ते वेगळं."

मग 'झूम'. पट्ट्या नाहीत, वाटी घड्याळावर चपखल बसली. फक्त दोन्ही बाजूंच्या कडा जात होत्या, रुंदीचा आठवा हिस्सा इकडून, आठवा तिकडून.

"कडेला असतं काय एवढं?" असं म्हणून कुमुदने झूम कायम केलं होतं आणि दुपारच्या जेवणानंतर स्क्रू पिळायला घेतले होते.

पहिला तासभर दोघींपैकी कुणी त्याचा बाऊ केला नाही. मालिकेची वेळ झाली होती. कुमुद मॉनिटरसमोरच्या स्टुलावर बसली आणि अक्का स्पीकरमधून बोलत राहिली.

"तुझ्याकडे काय दिसतंय?" कुमुदने विचारलं.

"काठ दिसतोय. वर चॅनेलचं चिन्ह, खाली घड्याळ. मधूनच एखादी बाई येते, पण अर्धीच. पदर नि बांगड्या. तुझ्याकडे?"

"माणसं अख्खी आहेत. घड्याळ नाही."

"सासू आत्ताच माझ्याकडून गेली. पोचली का?"

"पोचली."

"हातात ताट होतं. त्यात काय होतं ते नीट बघून सांग."

"औक्षणाचं आहे."

"मला वाटलंच. ही बया उगाच औक्षण करणारी नाही."

उद्या केबलच्या ऑफिसला फोन करावा, असं कुमुदच्या मनात होतं. घाई करण्यासारखं तिला काही वाटत नव्हतं. अक्का दोन हातांनी धरून उठवल्याशिवाय एरवीही खुर्चीतून उठत नसे.

मग स्पीकरमध्ये बारीक शिट्टी वाजू लागली. ती वर जायची, थांबायची आणि खाली यायची. काळी वायर सैल असेल म्हणून कुमुदने ती काढून पुन्हा घट्ट खोचली. शिट्टी तशीच आली. वायरचा दोष नव्हता. अक्काचा श्वास होता तो.

"खाली कुणीतरी पाला जाळतंय," अक्का म्हणाली. दोन शब्दांच्या मध्ये ती थांबत होती. "खिडकी उघडी आहे. पंप दे गं."

दम्याचा पंप मॉनिटरखालच्या फळीवर होता, कुमुदच्या हाताशी. अक्काची बोटं संधिवाताने वाकली होती. पंपाचा डबा खाली दाबायचा जोर त्यांच्यात नव्हता. पंप अक्काने तोंडात धरायचा आणि दाबायचा कुमुदने, असंच चालत आलं होतं. पंप सुरू झाल्यापासून कुमुद एक रात्रही कुठे मुक्कामाला गेली नव्हती. भाच्याच्या लग्नालासुद्धा अक्षता टाकून ती संध्याकाळच्या गाडीने परतली होती.

तिने पंप मुठीत घेतला आणि रिमोटने 'मूळ' निवडलं.

घर परत रुंद झालं. उजवीकडे खिडकी आली, खुर्ची आली, खुर्चीत अक्का आली. तिने एक हात छातीवर धरला होता. पण वरून छताच्या खाली काळी पट्टी उतरली, आणि खालून जमीन काळी होत वर आली. कुमुदने अक्काच्या दिशेने पाऊल टाकलं आणि तिथे टेकायला काही नव्हतं. फळीला धरलं म्हणून ती वाचली. अक्काचे पाय त्या काळ्यात लोंबकळत होते.

"कुमे, पाय कुठं गेले माझे?" स्पीकर म्हणाला.

"हलू नकोस."

"पंप फेक."

"तू झेलशील?"

अक्काने आपल्या बोटांकडे पाहिलं. खुर्ची मागच्या मागे कलू लागली, तेव्हा कुमुदने झूम दाबलं. अक्का गेली आणि शिट्टी राहिली.

मग तिने 'पूर्ण' निवडलं. जमीन शाबूत राहिली. अक्का कडेला परत आली, पण उभट, बोळातल्या सावलीसारखी. कुमुदच्या स्वतःच्या बरगड्या दोन्ही बाजूंनी आत आल्या. मुठीतला पंप पेन्सिलीइतका झाला आणि त्याचं तोंड म्हणजे नुसती फट उरली. स्पीकरमधली शिट्टी वर चढत गेली आणि थांबली. अक्काचं तोंड उघडं होतं. छातीत हवेला जागाच नव्हती. कुमुदने चाचपडत झूम दाबलं. बऱ्याच वेळाने शिट्टी परत आली.

आता तिने केबलच्या ऑफिसला फोन केला. तक्रार काय आहे, असं विचारल्यावर ती म्हणाली, "चित्राच्या कडा कापल्या जातायत. तातडीचं आहे."

केबलवाले शिरगुप्पे जवळच एका घरी गेले होते, ते लगेच आले. बैठ्या बांध्याचे, खांद्याला बॅग लावलेले. दार मॉनिटरच्या समोरच्या भिंतीत होतं, म्हणून ते शाबूत होतं. आत येऊन त्यांनी हॉलकडे एकवार डावीकडून उजवीकडे पाहिलं.

"होतंय असं, मॅडम. जुन्या मॉनिटरला लावलं की कडा जातात."

"त्या कडेत माझी बहीण आहे. तिला दमा आहे."

"आवाज येतोय न्हवं?"

"येतोय."

"मग लाइन चांगली आहे."

"शिरगुप्पे का हो?" स्पीकर थांबत थांबत म्हणाला. "गेल्या महिन्यात येतो म्हणून... सांगून आला नाहीत."

"आलोय की आज्जी आता."

"आज्जी कुणाला म्हणता? टक्कल पडलंय तुम्हाला."

शिरगुप्प्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "त्यांना दिसतंय होय?"

"नाही," कुमुद म्हणाली. "मागच्या वेळेचं आठवतंय. लवकर बघा."

ते मॉनिटरच्या मागे वाकले. "ह्यात काय होतंय बघा, बॉक्स आधी विचारतोय, समोर कोण आहेस, किती रुंद आहेस. नवे टीव्ही उत्तर देतात. ह्या म्हाताऱ्याला बोलायचं म्हाईत न्हाई. मग ही डबी त्याच्या वतीनं कायतरी सांगती."

"काय सांगते?"

"ते आपल्याला कुठं ऐकू येतंय?"

असं म्हणून त्यांनी स्क्रू सोडवले आणि केबल उपसली.

हॉल करडा झाला. 'सिग्नल नाही' अशी पांढऱ्या अक्षरांची चौकट कोपऱ्यातून निघाली, शिरगुप्प्यांच्या शर्टावरून सरकत गेली, भिंतीला लागून परत फिरली. मालिका बंद झाली होती. शिट्टीही बंद झाली होती. स्पीकरमध्ये काहीच नव्हतं. कुमुदने कान लावून ऐकलं.

"लावा," ती म्हणाली.

"जरा ह्याची पिन..."

"आधी लावा."

त्यांनी केबल लावून स्क्रू पिळले. श्वास परत आला, आधीपेक्षा बारीक. आणि घर आणखी कमी झालं. एका बाजूने दिवाण गेला, दुसऱ्या बाजूने देव्हारा आणि भिंतीतलं कपाट. हॉल आता न्हाणीघराएवढा उरला. दाराची बिजागरीची बाजू होती, कडीची नव्हती.

"प्रत्येक खेपेला नव्यानं माप घेतोय तो," शिरगुप्पे म्हणाले. "आता काढू नका हं."

"मग काय करू?"

"ह्याच्या हनुवटीला बटणं असतील बघा. चित्र आडवं सरकवायचं. बटण दाबून धरा, तवर सरकतंय. सोडलं की हा आपलाआपण परत मधी आणतोय." ते बॅग डोक्यावर घेऊन अर्ध्या दारातून आडवे होऊन बाहेर पडू लागले. "एका बाजूनं आलं की दुसऱ्या बाजूनं जाणार मात्र. काच काय रबरी न्हाई."

"तुम्ही थांबता का? बटण धरायला कुणीतरी लागेल."

"दोघं कुठं मावतोय हितं, मॅडम?"

बाहेर जाऊन त्यांनी सवयीने दार ओढून घेतलं. ते बसलं. आतून उघडायला त्याला काही उरलं नव्हतं.

कुमुद मॉनिटरसमोर गुडघ्यांवर बसली. बटणं खाली उजव्या कोपऱ्यात होती, एका रांगेत, पुसट झालेल्या खुणांची. तिने उजव्या हाताची तर्जनी डावा-उजवा बाण असलेल्या बटणावर ठेवली, डाव्या हातात पंप घेतला आणि दाबलं.

उजवीकडून खुर्चीचा हात आला. त्यावर अक्काची वाकडी बोटं आली, मग मनगट, मग कोपर. अक्का सरकत होती असं नाही. कड सरकत होती आणि अक्का जिथे होती तिथेच सापडत होती. डावीकडची कडही तेवढीच आत येत होती. कुमुदला ती पाहायची गरज नव्हती. तिच्या डाव्या पायाची बोटं गार पडली होती.

अक्काचा खांदा आला. मग चेहरा आला, पण अर्धा. एक डोळा, अर्धं नाक, ओठांची एक बाजू. ओठ निळसर होते.

"पुरेल का एवढं?" कुमुदने विचारलं.

"तोंड... सगळं लागेल ना गं."

कुमुदने दाबून धरलं. तोंड सगळं आलं. तिने डावा हात अंगावरून पलीकडे नेला आणि पंप अक्काच्या ओठांत ठेवला. अक्काने आधी होता तेवढा श्वास सोडला. मग भुवई उचलली. ती त्यांची खूण होती, कारण तोंडात पंप असताना बोलता येत नाही. भुवई उचलली की त्याच क्षणी दाबायचं. लवकर दाबलं तर औषध जिभेवर जातं, उशिरा दाबलं तर श्वास संपलेला असतो. कुमुदने दाबलं. अक्काने श्वास कोंडून धरला, सोडला. पुन्हा एकदा. शिट्टी हळूहळू विरली.

"आता बरं वाटतंय," अक्का म्हणाली. तिचे ओठ कुमुदच्या समोर हलत होते आणि आवाज मागून, स्पीकरमधून येत होता. "पण उजवी बाजू अजून तिकडेच आहे. धूर लागतोय तिकडं. अर्ध्या अंगाला धूर लागला तरी दमा पूर्ण अंगाला होतो."

"माझी डावी बाजू कडेला आलीय, अक्का."

"मग सोड बटण."

"सोडलं तर तू जाशील."

अक्काने थोडा विचार केला. "मग नको सोडूस," ती म्हणाली.

कुमुदने दाबून धरलं. तिने पंप अक्काच्या मांडीवर ठेवला आणि डावा हात मागे घेतला, तो थेट कडेपलीकडे गेला. डावा खांदा गेला. मान गेली. शेवटी एकाच डोळ्याने तिला हॉलमधली अक्का दिसली, खुर्चीत अख्खी बसलेली, वर्तुळासारखी गोल आणि नीट. मग तेही दिसेनासं झालं.

डाव्या पट्टीत स्वयंपाकघर होतं, चिंचोळं आणि उंच. फ्रिज चालू होता. ओट्यावर सकाळची कढई होती. इथे मालिकेचाही डावा काठ येत होता. कुठलं तरी दार उघडायचं आणि माणसं आत यायच्या आधी त्यांचे पाय दिसायचे. कुमुदचा उजवा हात कोपरापासून पुढे हॉलमध्ये होता. तो तिला दिसत नव्हता, पण तर्जनीखाली बटण लागत होतं.

"अक्का, आली का सगळी?" तिने विचारलं. स्वतःचा आवाज तिला पलीकडून, स्पीकरमधून आल्यासारखा ऐकू आला.

"आले. पण पट्टा बदलला बघ. आता मला माणसं दिसतात, घड्याळ गेलं." थोडं थांबून अक्का म्हणाली, "तुझा हात गार पडलाय गं." मनगटावर काहीतरी ऊबदार, सुती पांघरलं गेलं. पदर असावा.

"दुखत नाही," कुमुद म्हणाली.

"कुणी येईल उद्या."

"दार उघडत नाही."

"मग हाक मारीन. मला आता श्वास आहे."

मालिका संपली आणि दुसरी लागली. कुमुद फ्रिजला खांदा टेकून उभी राहिली. तर्जनी बधिर होत आली होती. बोट बदलून पाहावं असं तिच्या मनात आलं. तिने मधलं बोट नुसतं उचललं, तर तर्जनीचा दाब ढिला पडला आणि पलीकडे खुर्ची करकरली. तिने ते परत जागेवर ठेवलं.

पुढच्या जाहिरातींच्या सुमारास शिट्टी पुन्हा सुरू झाली. या वेळी ती बारीक नव्हती.

"खिडकी तिकडे आहे, पण धूर आत आलाय," अक्का म्हणाली.

"पंप मांडीवर आहे."

"आहे. दाबला जात नाही."

कुमुदने डावा हात कडेला लावला. तो पुढे जात नव्हता. हॉलमध्ये तिचा एकच हात होता आणि त्या हाताची तर्जनी बटणावर होती.

स्पीकरमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अक्का कुणी धरलेलं नसताना उठत होती. गुडघे वाजले. काहीतरी जड मॉनिटरच्या फळीवर टेकलं. मग कुमुदच्या मनगटावरचा पदर बाजूला झाला आणि तिच्या हाताच्या पाठीला एक गाल लागला, घामाने ओला. अक्काने फळीवर डोकं ठेवलं होतं. वाकड्या बोटांनी तिने कुमुदचा मोकळा अंगठा धरला, ताणला आणि पंपाच्या डब्यावर नेऊन ठेवला. अंगठा कसाबसा पोचत होता. तर्जनी बटणावर, अंगठा पंपावर, आणि दोन्हींच्या मध्ये हाताची कातडी ताठ ओढलेली.

अक्काने श्वास सोडला. तो कुमुदला बोटांवर जाणवला आणि स्पीकरमधून ऐकूही आला, दोन्ही वेगवेगळ्या वेळी.

आता तोंडात पंप होता, म्हणजे अक्का बोलणार नव्हती. आता ती फक्त भुवई उचलणार होती, कडेपलीकडे.

कुमुद फ्रिजपाशी उभी राहून समोरच्या कडेकडे पाहत होती.